परिक्रमा, आधी मुठेची

पुण्यातला माणूस घर सोडून निघाला की पहिल्या टोलनाक्याच्या आत त्याला घराची आठवण येते. गॅस बंद केला का, इथपासून ती सुरू होते आणि मुक्कामाच्या ठिकाणी चहात आलं घालतात की वेलदोडा, इथपर्यंत जाते. हॉटेलातली चादर तो आधी वासानं तपासतो, मग उलटी करून अंथरतो आणि शेवटी घरून आणलेली तिच्यावर पसरून झोपतो. खरं तर अशा माणसासाठीच कॅम्पर व्हॅन निघायला हवी होती. निघाली मात्र भलत्यांसाठी. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगननं डब्याच्या आकाराची गाडी काढली, पुढं तिच्यात पलंग आणि शेगडी बसली, आणि साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली केस वाढवलेली मुलं तसल्या गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत पार गोव्याला येऊन पोचली. त्यांना घरापासून सुटायचं होतं. आपल्याला सुटायचं वगैरे काही नसतं, घर थोडं पुढं सरकवायचं असतं. त्याच फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे, पण ती गाडी काही तिथून निघत नाही. तेव्हा पुणेकराला आपली आपणच करावी लागते.

आम्ही ती ओम्नीची केली.

कारण होतं नर्मदा. जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ नसलेलं पुस्तकांचं कपाट कोथरूडात शोधून सापडायचं नाही. ते वाचून माणूस आधी पायी परिक्रमेला निघायचं ठरवतो, मग गुडघ्यांचं मत घेतो आणि मग वाहनानं निघायचं ठरवतो. शास्त्राप्रमाणे पायी परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. वाहनानं ती दोन-तीन आठवड्यांत उरकते. ‘उरकते’ हा शब्द देवाधर्माच्या बाबतीत वापरू नये असं बायकोचं म्हणणं आहे, पण तिनंच परतीची तारीख लग्नसराई ऐन भरात यायच्या अलीकडची धरली होती. ओंकारेश्वरहून निघायचं, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, समुद्रापाशी पलीकडं व्हायचं, अमरकंटकला उगमाला वळसा घालायचा आणि पुन्हा ओंकारेश्वर. मधे कुठंही नर्मदा ओलांडायची नाही. तीन हजारांवर किलोमीटर होतात.

यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या परिक्रमेला जातात. त्यात सगळी व्यवस्था असते. पण बायको म्हणाली, ‘‘पहाटे चार वाजता टॉवेल घेऊन चाळीस माणसांच्या मागं उभं राहायचं, यात पुण्य आहे हे मला मान्य आहे. मला ते झेपणार नाही.’’ म्हणून स्वतःची गाडी.

गाडी मिळाली ती एका केटररची. मुलगा परदेशी गेला, गुडघे दुखायला लागले, म्हणून त्यांनी धंदा आवरला आणि भांड्यांबरोबर गाडीही काढली. भांडी आधी गेली. गाडी पांढरी, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, आणि अंगावर लाल अक्षरांत ‘ऑर्डरप्रमाणे मसालेभात, जिलेबी, मठ्ठा’. पेंटरनं लांबी भरून, घासून, दोन हात रंग मारला तरी ऊन पडलं की ‘मठ्ठा’ वर यायचा. वासाचं तर काहीच करता आलं नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या खाली असतं. ते तापलं, की इतक्या वर्षांच्या मुंजी-लग्नांतून पत्र्यात मुरलेला मसालेभात हळूहळू वर यायचा. बायकोनं कापूर, धूप, बेकिंग सोडा असे सगळे उपाय केले. त्यानंतर मसालेभातावर कापूर पडल्याचा वास यायला लागला.

ओम्नीला हसणाऱ्यांनी तिची नोकरी-चाकरी आधी पाहावी. १९८४ ते २०१९, म्हणजे पस्तीस वर्षं ही गाडी बाजारात होती. तेवढ्या काळात तिनं शाळेची मुलं वाहिली, पेशंट वाहिले, दूध, वर्तमानपत्रं, ढोल-ताशे वाहिले, चौकाचौकांत मागचं दार वर करून वडापाव विकला, आणि हिंदी सिनेमातल्या नायिका पळवल्या. हे सगळं ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांवर आणि बारा इंची चाकांवर. एखाद्या मोठ्या एसयूव्हीला हे जमलं असतं का? नायिका कदाचित जमली असती, शाळेची चौदा मुलं नक्कीच नाहीत.

गाडी सोसायटीत उभी राहिली त्या संध्याकाळपासून ती आमची राहिली नाही. इतर शहरांत जुनी गाडी घेतली तर लोक ‘कितीला पडली’ विचारतात. पुण्यात ‘का घेतली’ विचारतात. त्यातून आमच्या डोक्यावर वेताळ टेकडी. गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था त्या टेकडीवर आहे, आणि लोक टेकडीला वेताळाऐवजी तिच्याच नावानं ओळखायला लागले आहेत. तिथं पहाटे फिरायला जाणारा प्रत्येक गृहस्थ वर जाताना निवृत्त असतो आणि उतरताना वाहनतज्ज्ञ असतो. हवेतच काहीतरी आहे. त्या तज्ज्ञांपैकी बरेच जण आमच्या पार्किंगमधून घरी जाऊ लागले.

त्यांच्यात दोन तट होते. पहिला टेल्कोवाल्यांचा. टेल्कोचं नाव २००३ सालीच टाटा मोटर्स झालं, पण माणूस अजून टेल्कोतूनच निवृत्त होतो. त्यांचं मत असं, की चार गिअरच्या गाडीनं पुण्याबाहेर जाऊ नये आणि गेलंच तर घाटाच्या आधी तिला विश्रांती द्यावी. दुसरा तट बजाज टेम्पोचा, म्हणजे एकाच आजोबांचा, पण आवाज दोन तटांचा होता. फिरोदियांनी १९५८ साली हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीबरोबर काढलेला तो कारखाना. तोही २००५ साली फोर्स मोटर्स झाला, हे आजोबांनी मनावर घेतलेलं नाही. ते रोज यायचे, ओम्नीच्या छतावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘मॅटॅडोर घ्यायला हवी होती.’’ मॅटॅडोरमध्ये नाटकाचा सेट जायचा, वऱ्हाड जायचं, मंडळाचा गणपती जायचा, आणि तरीही ड्रायव्हरला पाय लांब करता यायचे. सगळं खरं होतं. फक्त मॅटॅडोर आता कुठून आणायची, हे विचारलं की आजोबा टेकडीकडं बघायचे.

परिक्रमा कार्तिकी एकादशीनंतर सुरू होते. चातुर्मासात नदीला पूर असतो, तेव्हा बंद. म्हणजे आषाढीपासून तयारीला चार महिने मिळाले. आम्हाला ते पुरेसे वाटले, कारण तोवर मेकॅनिक भेटला नव्हता.

मेकॅनिकनं सीट उचलून आत डोकावलं, दोनदा ‘रेस’ देऊन बघितली आणि म्हणाला, ‘‘काका, गाडी ठणठणीत आहे. फक्त...’’ या ‘फक्त’च्या पुढं त्याचा कागद भरला. क्लचप्लेट. मागचे ब्रेक शू. चाकातले ब्रेकचे किट. रेडिएटरचे होज पाइप, वरचा आणि खालचा. फॅन बेल्ट. कार्बोरेटरचं किट. मागचे पाटे बसलेत, त्यांचे बुश. शॉकअप चारही. तीन प्लग. तीनच, कारण सिलिंडर तीन. एवढ्या यादीत परवडण्यासारखी तीच एक ओळ होती.

सामान मिळतं नाना पेठेत. आमचं घर कोथरूडात, मेकॅनिकही कोथरूडातच. मधे मुठा. नर्मदा ओलांडायची नाही या नियमाची पूर्वतयारी म्हणून आम्ही त्या चार महिन्यांत मुठा इतक्या वेळा ओलांडली, की ती नदी नसून चाळीतला जिना आहे असं वाटायला लागलं. पाऊस जोरात आला की खडकवासल्यातून पाणी सोडतात, मग भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्या पुलावरची सगळी मंडळी म्हात्रे पुलावर येऊन उभी राहतात. तिथं तासभर उभं राहून, हातात चुकीच्या मापाचा होज पाइप घेऊन, मुठेच्या गढूळ पाण्याकडं बघताना नर्मदेची फार आठवण यायची.

चुकीचं माप यायचं कारण नाना पेठेतली प्रश्नावली. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो, ‘‘कार्ब का एमपीएफआय?’’ याचं उत्तर दिलं की, ‘‘जुनी बॉडी का नवी?’’ मग, ‘‘ओरिजनल देऊ का चालतंय ते?’’ चालतंय ते या मालाला पुण्यात फार इज्जत आहे. ते स्वस्त असतं, पुष्कळदा चालतंही, आणि चाललं नाही तर दुकानदाराशी भांडता येत नाही, कारण त्यानं नावातच सगळं सांगून ठेवलेलं असतं. बिजागऱ्या, कड्या आणि स्क्रू बोहरी आळीतून आणले, प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून, आणि जॅकचा दांडा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. जुन्या बाजारात मी दांड्यासाठी गेलो आणि दांडा, पितळी अडकित्ता आणि कुणाच्या तरी घड्याळाचा लंबक घेऊन आलो. अडकित्ता प्रवासात लागतो. लंबकाबद्दल घरात अजून चर्चा सुरू आहे.

प्लायवूड आलं तेव्हा कायद्याचा प्रश्न उभा राहिला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असं सांगतं, की उत्पादकानं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट करून सांगितलं. म्हणजे मागची सीट काढून कायमचा पलंग ठोकला, की आपण गुन्हेगार. राज्य सरकारचं २०२१ सालचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, ते मी आशेनं वाचलं. त्यातली कॅराव्हॅन म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेलं वाहन. आमची गाडी त्या धोरणात बसत नव्हती, आणि तसलं स्नानगृह आमच्या गाडीत बसत नव्हतं. शेवटी सुतारानं तोड काढली. सीट आहे तिथंच राहील, दुमडलेली. तिच्यावर सुट्या फळ्या, फळ्यांवर गादी. एकही स्क्रू गाडीच्या पत्र्यात जाणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो पलंग नव्हताच, पलंगाच्या आकाराचं सामान होतं.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, तपासणीला न्यावी लागते. इन्स्पेक्टरसाहेबांनी मागचं दार वर केलं आणि क्षणभर थांबले.

‘‘केटरिंगची होती का?’’

‘‘कशावरून?’’

‘‘मसालेभात,’’ ते म्हणाले. मग फळीवर टकटक केलं. ‘‘हे काय?’’

‘‘सामान.’’

‘‘आणि ही गादी?’’

‘‘सामानावरचं सामान.’’

त्यांनी दिवे, ब्रेक, हॉर्न, चासी नंबर सगळं नीट तपासलं आणि सही करताना फक्त एवढंच विचारलं, की जिलेबीची ऑर्डर कोण घ्यायचं. माणूस रसिक होता.

नंबरप्लेटचं प्रकरण वेगळं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवायची होती. सरकार मुदत वाढवत होतं आणि पुणेकर त्या वाढीवर भरवसा ठेवून होते. आम्हीही होतो. हा दोन्ही बाजूंचा विश्वास पाहून भरून येतं.

आता झोपायचं. ओम्नीची लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे अकरा फूट. रुंदी १४१०, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास. त्यातून पुढच्या सीटा वजा जाता मागं बायको सरळ मावते आणि मी तिरका. कोपरा ते कोपरा. म्हणजे बायकोला सरळ झोपायला जागा उरत नाही. सुतारानं खूप वेळ टेप धरून विचार केला आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्ही गुडघे कुठं ठेवायचे तेवढं सांगा.’’ गुडघ्यांचं मत परिक्रमेच्या बाबतीत पुन्हा एकदा घ्यावं लागलं. शेवटी पायाच्या बाजूला फळी थोडी मागच्या दाराकडं वाढवली आणि माझी पावलं पातेल्यांच्या रॅकखाली गेली.

मग आमच्या ज्येष्ठ वहिनींनी विचारलं, ‘‘पण दक्षिणेला पाय करून नाही ना झोपायचं?’’ घरात पलंग एका जागी असतो, हा प्रश्न एकदाच सुटतो. गाडी रोज वेगळ्या तोंडानं उभी राहणार. तेव्हा ठरलं, की मुक्कामाला आधी मोबाईलवर होकायंत्र काढायचं, मग सावली बघायची, मग उतार बघायचा आणि मग हॅंडब्रेक ओढायचा. यात एक गोष्ट मात्र नर्मदामाईनं सोपी करून ठेवली आहे. ती बरीचशी पूर्व-पश्चिम वाहते. नदीला समांतर गाडी लावली, की शास्त्र आपोआप पाळलं जातं. गंगेकाठी हे इतकं सोपं नसतं.

समुद्रापाशी पलीकडं होण्याचा पेच जास्त अवघड. विमलेश्वरहून परिक्रमावासी नावेनं मिठी तलाईला जातात. गाडी नावेत जात नाही, तिला भरूचच्या पुलावरून फिरवून न्यावी लागते, आणि पूल तर नर्मदेवरच. म्हणजे जो गाडी चालवेल त्याचा नियम मोडला. बायको शांतपणे म्हणाली, ‘‘मी नावेनं जाते, तुम्ही गाडी घेऊन या. माझं पुण्य पूर्ण, तुमचं टायरांपुरतं.’’ मी तिथं एक दिवसाचा ड्रायव्हर बघायचं ठरवलं. टेल्कोवाल्यांच्या मते मात्र ड्रायव्हर बसला काय आणि मालक बसला काय, गाडीनं नदी ओलांडली की सर्व्हिस बुकात नोंद व्हायला हवी.

स्वयंपाकघर हा या सगळ्याचा गाभा. दोन बर्नरची शेगडी, पाच किलोचा छोटा सिलिंडर, एवढंच न्यायचं असं ठरलं होतं. मग कुकर आला. कुकर आला म्हणजे त्याचे डबे आले. कढई, परात, पोळपाट-लाटणं. लाटण्यावर मी आक्षेप घेतला, पोळ्या वाटेत विकत मिळतात म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लाटणं स्वतःच नेऊन ठेवलं. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, सांडगी मिरची, लिंबाचं लोणचं, आणि पहिल्या दिवसासाठी थालीपिठं. फिरकीचा तांब्या, दोन सतरंज्या, आणि होल्डॉल, जो माझ्या वडिलांनी शेवटचा वापरला होता आणि ज्याचे पट्टे आता कुणालाच बांधता येत नाहीत. पाटे नवे घातले होते तरी गाडी मागून खाली बसली आणि पुढून नाक वर करून उभी राहिली. बजाज टेम्पोचे आजोबा म्हणाले, ‘‘मॅटॅडोर...’’ आणि पुढचं वाक्य सभ्यपणे गिळलं.

शौचालयाबद्दल फार लिहीत नाही. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि हवा ग्राहकाला फुकट मिळायला हवी असा नियम आहे. बायकोनं त्या नियमाची छापील प्रत काढून पर्समध्ये ठेवली.

सोसायटीतल्यांनीही आपापला वाटा उचलला. कुणी महेश्वरच्या साडीसाठी रंगाचा तुकडा दिला, ‘‘याच्याशी मॅचिंग, पण हा नको’’ असं बजावून. कुणी नर्मदेतला गोटा मागितला, पूजेतला, फार मोठा नको. बहुतेकांनी पाण्यासाठी बाटल्या दिल्या. रिकाम्या बाटल्यांनाच एक अख्खा कप्पा गेला. सराव म्हणून आम्ही एक रात्र पार्किंगमध्येच गाडीत झोपलो. मध्यरात्री वॉचमननं काचेवर बॅटरी मारली, मला बघितलं, बायकोला बघितलं आणि हळूच विचारलं, ‘‘काका, घरात काही झालंय का?’’ दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद होता: ‘सभासदांनी आपल्या मालकीच्या सदनिकेतच निद्रा घ्यावी. पार्किंगमधील निद्रेस संस्था जबाबदार नाही.’

कार्तिकी झाली. सारसबागेच्या गणपतीसमोर गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. नव्या गाड्यांच्या रांगेत ती शेवटची होती. गुरुजींनी चासीवर कुंकू लावताना एकदा खोल श्वास घेतला, पण काही बोलले नाहीत. परतताना म्हात्रे पुलावरून मुठा शेवटची ओलांडली. सगळी सोसायटी पार्किंगमध्ये निरोपाला उभी होती. बारा इंची चाकांवर एवढं घर तोलून आम्ही निघालो आणि नाशिकच्या रस्त्याला लागलो. पहिला मुक्काम नाशिकला, संध्याकाळी घाटावर चहा, असं ठरलं होतं.

चाकणच्या अलीकडं गाडी थांबली. म्हणजे सगळ्यांच्याच थांबल्या. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधून कंपन्यांच्या बसगाड्या आणि शिफ्ट सुटलेल्या मोटरसायकली. पंधरा मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास. सीटखाली इंजिन धगधगायला लागलं तसं मी ते बंद केलं. उतरून मागचं दार वर केलं, वारा यावा म्हणून. बायकोनं थालीपिठांचा डबा उघडला आणि लोणच्याची बरणी फळीवर ठेवली. शेगडी, कुकर, परात, लाटणं, पातेल्यांची उतरंड, सगळं रस्त्याच्या दिशेनं मांडलेलं होतं. दुपारचं ऊन नेमकं गाडीच्या अंगावर होतं आणि ‘मठ्ठा’ स्वच्छ वाचता येत होता.

गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक मुलगा मोटरसायकल कडेला लावून आला. त्यानं नाकानं दोनदा खात्री करून घेतली.

‘‘मसालेभात आहे?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘संपला का?’’

‘‘थालीपीठ आहे,’’ बायको म्हणाली. सवयीनं.

‘‘दोन द्या. लोणचं वेगळं.’’

तोवर त्याच्या मागं आणखी तिघं येऊन उभे राहिले होते. त्यातला एक खाली वाकून, मागच्या चाकापासून नंबरप्लेटपर्यंत, क्यूआर कोड कुठं चिकटवलाय ते शोधत होता.